कायोटीसाठी परवडणारी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल: निवडीपासून झीरोपर्यंत

कायोटी म्हणजे अमेरिकेतला कोल्ह्या-लांडग्याच्या जातकुळीतला रानटी प्राणी. त्याच्या शिकारीसाठी पहिली रायफल घेणारे बरेच जण आधी ब्रँड ठरवतात, मग कॅलिबर. आपण कुठल्या रानात, किती अंतरावर आणि कसल्या वाऱ्यात नेम धरणार, हा विचार रायफल घरी आल्यावर सुरू होतो. आधी रान आणि अंतर, मग काडतूस, मग रायफल, असा क्रम धरला तर पैसे वाचतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जनावर जखमी होऊन झुडपात हाल होत मरत नाही. मला या सगळ्यात तेच सर्वात मोलाचं वाटतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. आज अमेरिकेत 400 ते 700 डॉलरच्या दरम्यान मिळणाऱ्या बोल्ट-अ‍ॅक्शन रायफली, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करावा लागतो त्या, कायोटीसाठी पुरेशा अचूक आहेत. कोणती रायफल अर्धा इंच लहान ग्रुप (एकाच नेमावर झाडलेल्या काही गोळ्यांचा कागदावरचा पसारा) देते, या वादात शिरू नका. ट्रिगर, खांद्यावर बसणारा स्टॉक (दस्ता), बरा स्कोप (नेमाची दुर्बीण) आणि सरावासाठी गोळ्या, पैसे तिथे घाला.

आधी कायदा

हे सगळं अमेरिकेपुरतं आहे. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि आपल्याकडच्या कोल्ह्यालाही त्याच कायद्याचं संरक्षण आहे. अमेरिकेत मात्र बऱ्याच राज्यांत कायोटीची शिकार वर्षभर खुली असते, कारण मेंढ्या, शेळ्या आणि नवजात वासरांचं नुकसान करणाऱ्या जनावरांत तो मोडतो. टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपास मेंढपाळांच्या बोलण्यात कायोटीचा विषय कोकरांच्या हंगामात हमखास निघतो.

तिथल्या आपल्या लोकांनी व्हिसाची बाब नीट समजून घ्यावी. ग्रीन कार्ड असेल तर रायफल विकत घेता येते. एच-1बी, एल-1, एफ-1 यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर संघीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या बाळगायलाच मनाई आहे. त्याला अपवाद आहेत, आणि आपल्याला लागू पडणारा मुख्य अपवाद म्हणजे कुठल्याही अमेरिकी राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे क्रम असा: हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग शिकार परवाना, मग दुकान. परवान्याची मुदत संपली तर अपवादही संपतो, आणि इथली चूक थेट तुमच्या इमिग्रेशनच्या फाइलला भोवते. खरेदीआधी वकिलाशी एकदा बोलून घ्या.

दुकानदार बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म 4473 भरून घेतो आणि पार्श्वभूमी तपासणी करतो. रायफलसाठी संघीय वयोमर्यादा 18 वर्षं आहे, काही राज्यांत ती जास्त आहे. टेक्सासमध्ये 2 सप्टेंबर 1971 किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला हंटर एज्युकेशन सक्तीचं आहे. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची किंवा इतर शिसेविरहित गोळी लागते. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्वेकडच्या पाच काउंट्यांत रेड वुल्फ हा अतिशय दुर्मिळ लांडगा आहे आणि तो दिसायला कायोटीसारखाच, म्हणून तिथले नियम वेगळे आणि कडक आहेत. रात्रीची शिकार, दिवे, थर्मल स्कोप यांचे नियमही राज्याराज्यांत वेगळे. राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची पुस्तिका वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

जनावर केवढं, अंतर किती

कायोटी लांबून मोठा दिसतो, पण हिवाळ्यात निम्मी जाडी केसांचीच असते. पश्चिमेकडचा कायोटी साधारण 10 ते 14 किलोचा, पूर्वेकडचे त्याहून थोराड, कधी 20 किलोपर्यंत. छातीतला हृदय-फुप्फुसाचा भाग चारेक इंचांचा. नेम तिथेच लागला पाहिजे.

आता हिशोब करा. शंभर यार्डांवर दीड इंचाचा ग्रुप देणारी रायफल दोनशे यार्डांवर तीन इंचाचा देईल. म्हणजे दोनशेपर्यंत ती चार इंचांच्या वर्तुळात बसते. तीनशेवर तोच ग्रुप साडेचार इंचांचा होतो, आणि त्यात वारा, तुमचा श्वास, थंडीने बधिर झालेली बोटं धरलेलीच नाहीत. ससा ओरडल्याचा आवाज काढून बोलावलेला कायोटी बहुतेक वेळा दोनशे यार्डांच्या आत येतो, झुडपी रानात तर पन्नासच्याही आत. कॅन्सस किंवा वायोमिंगच्या उघड्या माळावर मात्र तो तीनशेवर थबकून पाहत उभा राहतो. तुमचं रान यातलं कोणतं, हे खरीखुरी जमीन पाहून ठरवा.

बोल्ट-अ‍ॅक्शनच का? कमी पैशात जास्त अचूकता मिळते, यंत्रणा साधी असते, आणि बोल्ट मागे ओढला की चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे का ते डोळ्यांनी दिसतं. काटेरी तारांच्या कुंपणांतून दिवसभर ये-जा करणाऱ्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत कळते. तीन-चार कायोटी एकदम येण्याचा प्रसंग नेहमीचा असेल तर सेमी-ऑटो (पुढची गोळी आपोआप भरणारी) सोयीची, पण तो वेगळा विषय.

काडतूस

बहुतेकांसाठी माझं उत्तर .223 रेमिंग्टन. 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळी साधारण 3,240 फूट प्रति सेकंद वेगाने निघते, धक्का नगण्य, आणि सरावाच्या गोळ्या या सगळ्या काडतुसांत सर्वात स्वस्त. धक्का कमी असला की गोळी लागलेली स्कोपमधूनच दिसते, दुसरी झाडायची की नाही ते लगेच कळतं. वर्षाला पाचशे गोळ्या झाडून पाहणारा .223 वाला, वर्षाला चाळीस झाडणाऱ्या महागड्या काडतूसवाल्यापेक्षा रानात सरस ठरतो. दोनशे यार्डांवर झीरो केली, म्हणजे तिथे स्कोपचा नेम आणि गोळी एकाच बिंदूवर आणली, तर तीनशेवर गोळी सात-आठ इंच खाली पडते आणि ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात जवळजवळ फूटभर सरकते. फूटभर म्हणजे छातीवर धरलेला नेम पोटात किंवा हवेत. म्हणून .223 ची प्रामाणिक मर्यादा मी अडीचशे यार्ड धरतो.

एक इशारा: रायफलवर फक्त .223 कोरलेलं असेल तर त्यात 5.56 नाटोची काडतुसं घालू नका. बाहेरून ती सारखीच दिसतात, पण 5.56 च्या चेंबरची रचना वेगळी असते आणि .223 च्या चेंबरमध्ये दाब धोकादायकरीत्या वाढू शकतो.

उघडा माळ आणि कायमचा वारा असेल तर .22-250 रेमिंग्टन. तीच 55 ग्रेनची गोळी 3,680 च्या आसपास निघते, तीनशेवर पाच-सहा इंचच पडते. पण काडतुसं महाग, आवाज मोठा, बॅरल लवकर तापतं आणि लवकर झिजतंही.

.204 रुगर 2004 सालचं. 32 ते 40 ग्रेनच्या हलक्या गोळ्या, भन्नाट वेग, धक्का जवळजवळ शून्य. काडतुसं मात्र छोट्या गावच्या दुकानात मिळतीलच असं नाही. मी ती दुसरी रायफल म्हणून घेईन, पहिली म्हणून नाही.

आणि एकाच रायफलीवर कायोटी आणि हरीण दोन्ही करायचं असेल तर .243 विंचेस्टर. 1955 पासून हे काडतूस याच दुहेरी कामासाठी ओळखलं जातं: 58 ग्रेनच्या आसपासची हलकी गोळी कायोटीला, 95-100 ग्रेनची हरणाला. कोलोरॅडोत मोठ्या जनावरासाठी किमान .24 कॅलिबर लागतं, तिथे .223 ने हरीण मारणं बेकायदेशीर आहे. ही बाब आधी पाहिली नाही तर वर्षभरात दुसरी रायफल घ्यावी लागते.

काडतूस ठरलं की बॅरलचा ट्विस्ट पाहा. बॅरलच्या आतले आटे किती इंचांत एक वेढा पूर्ण करतात, तो हा आकडा. .223 मध्ये 1:8 असेल तर 55 पासून 77 ग्रेनपर्यंत सगळं चालतं, 1:9 ही ठीक. .22-250 जुन्या पद्धतीने 1:14 किंवा 1:12 मध्ये येते. त्यात 50-55 ग्रेन उत्तम, पण जड लांब गोळ्या स्थिर राहत नाहीत. लांबी 20 ते 22 इंच पुरते. सायलेन्सर लावण्याचा विचार असेल तर आटेदार तोंडाचं बॅरल घ्या. 2026 पासून सायलेन्सरवरचा संघीय 200 डॉलरचा कर शून्यावर आला आहे, पण नोंदणी आणि मंजुरी अजूनही लागते, आणि काही राज्यांत सायलेन्सरला बंदीच आहे.

यादीत कोणत्या रायफली

रुगर अमेरिकन माझ्या यादीत पहिली. बोल्ट 70 अंशांत उचलला जातो, म्हणून स्कोपला हात अडखळत नाही. प्रेडेटर आवृत्तीचं बॅरल थोडं जाड आणि आटेदार तोंडाचं. रँच आवृत्ती .223 मध्ये 16 इंचांच्या आखूड बॅरलची, त्यात एआर-15 या सेमी-ऑटो रायफलीची मॅगझिन (काडतुसांच्या पेट्या) चालतात. झुडपी रानात आणि पिकअपमधून चढ-उतार करताना ती फार सोयीची. दुसऱ्या पिढीच्या मॉडेलची सेफ्टी तीन टप्प्यांची आहे, म्हणजे सेफ्टी लावलेली असतानाही बोल्ट उघडून चेंबर रिकामं करता येतं. किंमत जरा जास्त, पण या एका गोष्टीसाठी मी ते पैसे देईन.

सॅव्हेज अ‍ॅक्सिस त्याहून स्वस्त आणि किमतीच्या मानाने अचूक. अक्यूट्रिगर (सॅव्हेजचा सुधारित, समायोजित होणारा ट्रिगर) असलेलीच घ्या, जुन्या साध्या अ‍ॅक्सिसचा ट्रिगर जड आहे. स्टॉकचा पुढचा भाग लवचिक असतो, बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) वजन टाकलं की तो वाकून बॅरलला टेकू शकतो. बोल्ट 90 अंशांचा, थोडा खरखरीत.

मॉसबर्ग पेट्रियट प्रेडेटरही याच किमतीच्या पट्ट्यातली, ट्रिगर समायोजित होणारा. होवा 1500 जपानी बनावटीची. वजन जरा जास्त, पण बोल्ट आणि एकूण घडण वरच्या दर्जाची. तिची मिनी अ‍ॅक्शन .223 सारख्या छोट्या काडतुसांसाठीच आखलेली असल्याने रायफल आटोपशीर होते. बजेट थोडं ताणता येत असेल तर फिनलंडची टिक्का टी3एक्स पाहा. तिचा बोल्ट हातात घेतला की फरक वेगळा सांगावा लागत नाही. पण टिक्कासाठी स्कोपचे पैसे कापायचे असतील तर नको.

दुकानात रायफल हातात घेतल्यावर

इथे घाई करू नका. दुकानदाराला विचारून बोल्ट उघडा, चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा. तोंड कायम सुरक्षित दिशेला.

हिवाळी जाकीट घालून जा. कायोटीचा खरा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा अंगावर तेच असणार. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल स्टॉकवर टेकवा, मग डोळे उघडा. स्कोपच्या मधोमध नजर गेली तर स्टॉक तुमच्या मापाचा. मान ताणावी लागली किंवा काळी कड दिसली, तर कुठे अडतंय ते शोधा. आपल्याकडच्या मध्यम बांध्याच्या माणसाला अमेरिकी स्टॉक बऱ्याचदा अर्धा-पाऊण इंच लांब पडतो. काही मॉडेलमध्ये मागचा तुकडा बदलून लांबी कमी करता येते, ते विचारून घ्या.

मग खांद्यावरून न उतरवता बोल्ट चालवा. कोरडा, म्हणजे गोळी न भरता, चाप ओढायची परवानगी घ्या आणि हळू दाबत जा. सरकत, अडखळत, मग सुटतो का? की काच तुटावी तसा एकदम सुटतो? तीन पौंडांच्या आसपासचा स्वच्छ ट्रिगर हवा. त्याहून हलका ट्रिगर हातमोजे घातलेल्या, गारठलेल्या बोटाला धोक्याचा.

खिशातली एक डॉलरची नोट बॅरल आणि स्टॉकच्या फटीत घालून चेंबरच्या दिशेने सरकवा. अडकत नसेल तर बॅरल मोकळं आहे. आता पुढचा स्टॉक मुठीत धरून बाजूला दाबा. नोट चिमटली गेली, तर बायपॉडवर आणि हातात गोळी वेगवेगळ्या ठिकाणी लागण्याची शक्यता आहे. शेवटी सेफ्टी. कानाजवळ धरून पुढे-मागे करा. शांत पहाटे चाळीस यार्डांवर उभ्या कायोटीला 'टक' असा आवाज ऐकू जातो. अंगठ्याने दाबून धरत हळू सरकवता येते का पाहा. मॅगझिनही हातमोजे घालून काढून-घालून बघा.

जुनी रायफल घ्यायची असेल तर हे सगळं करा आणि वर बॅरलच्या तोंडाची कड टॉर्चने पाहा. तिथे टवका उडालेला असेल तर अचूकता गेली. आतले आटे चेंबरकडून पाहा, स्क्रूच्या खाचा खराब दिसल्या तर कुणीतरी अर्धवट ज्ञानाने रायफल उघडली आहे असं समजा. रेमिंग्टन 700 असेल तर सिरियल नंबरवरून खात्री करा: 2006 ते 2014 दरम्यानचे एक्स-मार्क प्रो ट्रिगर कंपनीने 2014 मध्ये परत मागवले होते, कारण चाप न ओढता गोळी सुटण्याचा धोका होता.

स्कोप, गोळ्या आणि पैशाची वाटणी

एकूण हजार डॉलर असतील तर माझी वाटणी अशी: रायफल 500, स्कोप 250, स्कोप रायफलीवर बसवणाऱ्या रिंग आणि बेस 60, उरलेले सगळे गोळ्यांना. रायफलीसोबत पेटीत येणारा स्कोप मिळतो म्हणून कॉम्बो घेण्याचा मोह होतो. बहुतेक कॉम्बोमधला स्कोप पहाटेच्या अंधुक उजेडात निकामी ठरतो, आणि कायोटी येतो नेमका त्याच वेळी.

3-9x40 (3 ते 9 पट मोठं दाखवणारा, 40 मिमी भिंगाचा) हा साधा स्कोप दोनशे-अडीचशे यार्डांपर्यंत सगळं भागवतो. व्होर्टेक्स क्रॉसफायर किंवा ल्यूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ही या पट्ट्यातली सहज मिळणारी नावं. शिकारीच्या वेळी स्कोप कमीत कमी पॉवरवर ठेवा. तीस यार्डांवर धावत आलेला कायोटी 9x मध्ये केसांचा नुसता धूसर गोळा दिसतो. लांब उभा राहिला तर पॉवर वाढवायला वेळ मिळतो, उलट होत नाही. रिंगचे स्क्रू टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्याइतकेच आवळा. अंदाजाने आवळून स्कोपची नळी चेपली गेली की झीरो टिकत नाही आणि दोष मात्र रायफलीला लागतो.

सरावासाठी फुल मेटल जॅकेट (धातूच्या पूर्ण आवरणाची) गोळी स्वस्त आणि ठीक. शिकारीला ती नको: ती आरपार जाते, जनावर जखमी होऊन पळतं, आणि दगडावरून उसळण्याचा धोका वाढतो. .223 मध्ये 50 ते 55 ग्रेनची पटकन फुटणारी पॉलिमर टोकाची गोळी, उदाहरणार्थ हॉर्नाडीची व्ही-मॅक्स, बहुतेक वेळा आतच फुटते आणि जागच्या जागी काम संपवते. पूर्वी कातडीला भोक किती पडतं यावरून गोळी निवडली जायची. कॅनडा गूजने 2021 मध्ये फर विकत घेणं थांबवण्याचं जाहीर केलं, जाकिटांच्या हूडला लागणारी मोठी मागणी आटली, आणि आज कातडी विकून गोळ्यांचा खर्चही निघणं कठीण. तेव्हा गोळी निवडताना तात्काळ मृत्यू हा एकच निकष धरा.

दोन-तीन कंपन्यांचे एकेक बॉक्स आणा. प्रत्येक बॅरलला एखादी गोळी आवडते, एखादी नाही. कोणती, ते कागदावर झाडूनच कळतं.

झीरो

रायफल घट्ट पिशव्यांवर ठेवा, बोल्ट काढा, बॅरलमधून आरपार पाहत पंचवीस यार्डांवरचं लक्ष्य मधोमध आणा आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच बिंदूवर आणा. बोल्ट परत घालून पंचवीसवर एक गोळी, फरक दुरुस्त. मग शंभरवर जा. तीन गोळ्यांचा ग्रुप, बॅरल हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मग स्कोप फिरवा. बहुतेक स्कोपची एक टिकटिक शंभर यार्डांवर पाव इंच हलवते, पंचवीसवर त्याच्या चौथाई. .223 ची गोळी शंभरवर दीड इंच वर लागत असेल तर दोनशेच्या आसपास झीरो बसतो. पण हे कागदावरचं गणित. दोनशेवर प्रत्यक्ष झाडून खात्री केल्याशिवाय रानात जाऊ नका. थंड बॅरलची पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं लिहून ठेवा, कारण कायोटीला तीच लागणार असते.

बेंचवरचा सराव इथे संपतो. पुढचा सराव जमिनीवर बसून, शूटिंग स्टिक्सवर, गुडघ्यांवर कोपर टेकवून करायचा. चार इंचांची कागदी ताटली शंभरवर लावा, दहा गोळ्या झाडा. नऊ ताटलीत बसल्या की दीडशे, मग दोनशे. ताटली चुकायला लागली की तिथून पन्नास यार्ड मागे या, आणि या हंगामात त्यापलीकडच्या कायोटीवर नेम धरू नका. मागे मातीचा उतार नसेल, क्षितिजावर जनावर उभं असेल, किंवा रँचचा कुत्रा असण्याची पुसटशीही शंका असेल, तर सेफ्टी लावलेलीच ठेवा. गावाकडच्या रँचवर जर्मन शेफर्डच्या वळणाची कुत्री मोकळी फिरतात आणि धुक्यात ती हुबेहूब कायोटीसारखी दिसतात. जमीनमालकाला कुत्री किती आणि कोणत्या रंगाची, हे परवानगी मागतानाच विचारून घ्या. घरी परतल्यावर बॅरल चेंबरकडून पुसा, बोल्ट वेगळा ठेवा, आणि रायफल व गोळ्या वेगवेगळ्या कुलपांत.